रुमालाचा व्यापारी आणि धास्तावलेले प्राध्यापक

अल्फ्रेड कोलबर्ग हे न्यूयॉर्कचे कापडाचे व्यापारी. चीनमध्ये भरतकाम करून घेतलेले रुमाल अमेरिकेत विकणं हा त्यांचा धंदा. 1944 साली त्यांनी ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स’ या अभ्याससंस्थेची प्रकाशनं पुढ्यात घेतली आणि त्यातले चीनविषयीचे उतारे कम्युनिस्ट नियतकालिकांशी ताडून पाहिले. सूर जुळतोय असं त्यांना वाटलं. संस्थेचे अभ्यासक चीनमधल्या चिअँग कै-शेक यांच्या कम्युनिस्टविरोधी सरकारच्या मुळावर उठले आहेत, असा आरोप त्यांनी केला. 1947 मध्ये हा आरोप संस्थेच्या सभासदांसमोर मतदानाला आला आणि प्रचंड बहुमताने फेटाळला गेला.

विद्वानांच्या घरातला वाद तिथे मिटला. पण हरलेल्या बाजूला वॉशिंग्टनची वाट मोकळी होती.

1949 मध्ये कम्युनिस्ट नेते माओ पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) आले, चिअँग तैवानला गेले, आणि अमेरिकेत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : चीन आपल्या हातातून कुणी घालवला? चिअँग यांच्या बाजूने झटणारे खासदार, प्रकाशक, कोलबर्ग यांच्यासारखे व्यापारी यांच्या सैलसर गोतावळ्याला ‘चायना लॉबी’ हे नाव पडलं. मार्च 1950 मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले आणि एके काळी याच संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक असलेले ओवेन लॅटिमोर हे सोव्हिएत हेर असल्याचा आरोप केला. लॅटिमोर तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी अफगाणिस्तानात होते. मंगोलिया आणि चीनच्या सीमाभागांचा इतका जाणकार अमेरिकेत दुसरा क्वचितच असेल.

फेब्रुवारी 1951 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ली गावी एका शेतावरच्या कोठारातून संस्थेच्या जुन्या फायली जप्त झाल्या. पुढे सिनेटच्या उपसमितीने लॅटिमोर यांना 12 दिवस धारेवर धरलं. कोणत्या साली कोणाला काय लिहिलं, कोणासोबत जेवलात, असले प्रश्न. मग खोट्या साक्षीचा खटला भरला. न्यायाधीशांनी मुख्य आरोप फेटाळले, सरकारने नव्याने भरले, तेही टिकले नाहीत. 1955 मध्ये खटला मागे घेतला गेला. हेरगिरीचा पुरावा शेवटपर्यंत मिळाला नाही.

लॅटिमोर चुकले नव्हते असं मी मुळीच म्हणणार नाही. 1944 मध्ये उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्याबरोबर ते सैबेरियातल्या कोलिमाला गेले. तिथल्या श्रमछावण्या पाहुण्यांपासून लपवल्या होत्या, आणि त्यांनी त्या खाणप्रदेशाचं कौतुक लिहिलं. ही मोठी चूक होती. अशा चुका उघड चर्चेतच सापडतात, सुधारतात. ‘तुमचं कुठे चुकलं?’ या प्रश्नाऐवजी ‘तुम्ही कुणाचे?’ हा प्रश्न आला की चूक तशीच राहते आणि माणूस तेवढा संपतो.

एका लहानशा गटाला एवढं बळ येतं कुठून? मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने 1965 मध्ये याचं उत्तर मांडलं. ज्यांचं मोठं हित एका ठिकाणी एकवटलेलं असतं ते पैसा, वेळ, पत्रं, फोन सगळं खर्च करतात. परराष्ट्र धोरण चुकलं तर नुकसान कोट्यवधी लोकांचं, पण प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं की त्यासाठी कामधंदा सोडून कुणी राजधानीत जाऊन बसत नाही. यात कट शोधायची गरज नाही. लॉबिंग, म्हणजे आपलं म्हणणं सरकारच्या गळी उतरवायची खटपट, अमेरिकेत कायदेशीर आहे आणि कोलबर्ग यांचा आपल्या म्हणण्यावर मनापासून विश्वास होता.

खरं नुकसान कसं होतं, ते समजायला बैलाची एक गोष्ट पुरते. 1906 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत लोकांनी एक बैल कापून साफ केल्यावर किती वजन भरेल याचे अंदाज बांधले. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यातल्या 787 चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्या. मधला अंदाज निघाला 1207 पौंड, खरं वजन 1198. कुणी जास्त चुकलं, कुणी कमी, आणि चुकांनी चुका खाल्ल्या. आता समजा, 1100 च्या वर आकडा लिहिणाऱ्याची चौकशी होणार, अशी कुजबुज जत्रेत पसरली असती. कुणी खोटं लिहायची गरज नाही. प्रत्येकाने जपून आकडा थोडा कमी लिहिला, काहींनी चिठ्ठीच टाकली नाही, की झालं. सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकते आणि हजार चिठ्ठ्या जमवल्या तरी ती भरून निघत नाही. विद्यापीठांतली चर्चा म्हणजे देशाने जमवलेल्या अशा चिठ्ठ्याच.

ही कुजबुज मोजलीही गेली. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि वॅगनर थीलेन्स यांनी 1955 मध्ये 165 कॉलेजांतल्या 2451 सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांच्या मुलाखतींवर आधारित पाहणी केली. जवळजवळ निम्म्यांमध्ये धास्ती दिसली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे पोळलेलं तोंड दुसऱ्याचं होतं, आणि ताक फुंकत होते शेकडो मैलांवरचे लोक, ज्यांना कुठल्याही समितीने कधी बोलावलं नव्हतं. याच पाहणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जिथे कॉलेजचे प्रमुख आपल्या पाठीशी उभे राहतील असा भरवसा होता, तिथे धास्ती कमी होती.

लॉबीवरच संशोधन करणाऱ्याचं काय झालं? रॉस कोएन यांचं पुस्तक 1960 मध्ये छापून झालं आणि प्रकाशकाने ते मागे घेतलं. ते पुन्हा निघायला 1974 उजाडलं, आणि तेही दुसऱ्या प्रकाशकाकडून. तोवर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन स्वतः पेकिंगला जाऊन आले होते.

परराष्ट्र खात्यातले चीनचे जाणकारही याच लाटेत गेले. जॉन पेटन डेव्हिस यांना 1954 मध्ये काढलं आणि ते पेरूमध्ये, लिमाला, फर्निचर बनवू लागले. जॉन सर्व्हिस यांनी 1944 मध्ये येनानहून, माओंच्या तळावर राहून, कम्युनिस्टांची ताकद कमी लेखू नका असं कळवलं होतं. 1951 मध्ये नोकरी गेल्यावर ते न्यूयॉर्कला वाफेच्या यंत्रणेचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागले.

व्हिएतनाम युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या रॉबर्ट मॅकनमारा यांनी 1995 मध्ये आपल्या आठवणीत लिहिलं की आग्नेय आशियाबाबत त्यांच्या सरकारकडे अनुभवी सल्लागारच नव्हते, कारण पूर्व आशिया आणि चीनचे अव्वल जाणकार 1950 च्या दशकात हाकलले गेले होते. डेव्हिस आणि सर्व्हिस ही नावं त्यांनी स्वतः घेतली आहेत.

सर्व्हिस यांना सर्वोच्च न्यायालयाच्या 1957 च्या निकालाने नोकरी परत मिळाली. पण खात्याने त्यांना आशियाच्या जवळपासही फिरकू दिलं नाही. त्यांना पाठवलं इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या वाणिज्य दूतावासात. ते 1962 मध्ये निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी तिथून फार लांब नसलेल्या लीड्स विद्यापीठात चिनी अभ्यासाचा नवा विभाग उभा करायला अमेरिकेतून एक प्राध्यापक आले. ते ओवेन लॅटिमोर होते.