शेवटचा भाग आणि मेंदूचा हिशेब

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. लाडकी मालिका किंवा पुस्तकांची मोठी शृंखला संपली की मेंदूतलं डोपामाइन हे रसायन ‘संपतं’, म्हणून चाहते रडतात, चिडतात, त्यांना जेवण जात नाही. उपाय काय, तर सात दिवस ‘डोपामाइन डिटॉक्स’, म्हणजे मोबाइल बंद, आणि खाली दिलेल्या लिंकवरचा कोर्स. कुडाळच्या आमच्या ग्रुपवर तो आला तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी त्याखाली स्वतःची पुस्ती जोडली: ‘मुळात खोट्या माणसांसाठी रडायचंच कशाला?’

गुरुजींचा मुद्दा आधी उरकून घेतो, कारण त्याला उत्तर सोपं आहे. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटून दिलं, तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकाच्या वर्गणीदारांनी वर्गणी तोडली आणि लेखकाला संतापाची पत्रं गेली. तेव्हा मोबाइल नव्हता, वेबसीरिज नव्हती. लोकांचा रेटा इतका की १९०३ मध्ये डॉइलना होम्सला जिवंत करून परत आणावं लागलं. पुढे १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी अशा एकतर्फी जवळिकीचा शास्त्रीय अभ्यास मांडला. पडद्यावरच्या माणसाला आपण ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, तरी आपलं मन त्याला ओळखीच्या माणसांतच धरतं. जोनाथन कोहेन यांनी तर अशा नात्यांच्या ताटातुटीचं दुःख प्रश्नावल्या देऊन मोजलं. ते खऱ्या ताटातुटीपेक्षा सौम्य निघालं, पण जात तीच. तेव्हा गुरुजी, माणसं खोटी असतील, ओळख खरी असते.

पण एवढ्याने रडण्याचा उलगडा होतो, चिडण्याचा होत नाही. जवळचं माणूस गेलं म्हणून कोणी ‘हे पुन्हा नीट करून द्या’ असा अर्ज करत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही ड्रॅगन आणि राजगादीची इंग्रजी मालिका संपली तेव्हा लोकांनी अगदी तेच केलं. शेवटचा सीझन नव्या लेखकांकडून परत करून घ्या, अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. ही चीड कुठून येते ते सांगायला मी बसलोय, कारण त्यामागची यंत्रणा मला फार आवडते. गेली काही वर्षं ती भेटेल त्याला मी ऐकवत आलो आहे, आज तुमची पाळी.

त्या मालिकेचा शेवटचा, म्हणजे ७३ वा भाग आपल्याकडे २० मे २०१९ ला सकाळी साडेसहाला लागला. माझी भाची देवगडला होती. पडवीत मोबाइल टेकवून, चहा बाजूला ठेवून बसलेली. मध्येच वीज गेली, राउटर बंद, आणि त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नाही. वीज आल्यावर तिने उरलेला भाग बघितला आणि मला फोन केला: “मामा, आठ वर्षं फुकट गेली.” मी विचारलं, वाईट होता का भाग? थोडं थांबून म्हणाली, “वाईट नव्हता रे. पण एवढंच?”

या ‘एवढंच?’चा उगम मेंदूच्या मध्यावर, मूठभर पेशींत आहे.

वोल्फराम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूत केसासारख्या बारीक तारा सोडून डोपामाइन बनवणाऱ्या पेशी एकेक करून ‘ऐकल्या’. या पेशी एरवी संथ असतात, सेकंदाला साधारण तीन ते पाच विजेचे ठोके. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की त्या जोरात तडतडतात. इथवर कोणालाच नवल वाटणार नाही: रस गोड, माकड खूश. पुढच्या टप्प्यात शुल्ट्झने आधी दिवा लावायचा आणि थोड्या वेळाने रस द्यायचा, असं पुन्हापुन्हा केलं. माकड शिकलं. आणि मग पेशी रसाला तडतडेनाशा झाल्या! तडतड सरकून दिव्यावर आली. रस तोच, तितकाच गोड, पण तो येणार हे ठाऊक होतं, म्हणून तो आला तेव्हा पेशी ढिम्म.

तिसरा टप्पा सर्वांत सुंदर. दिवा लावला आणि रस दिलाच नाही. ज्या क्षणी रस यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशींचे ठोके नेहमीच्या संथ गतीच्याही खाली गेले. काहीही घडलेलं नसताना पेशींनी ‘काहीतरी घडलं नाही’ याची नोंद केली, तीही वेळेवर. रस उशिरा दिला तर ठरलेल्या वेळी खड्डा आणि प्रत्यक्ष रस आल्यावर तडतड, अशा दोन वेगळ्या नोंदी दिसतात. देवगडची वीज गेल्यावर भाचीच्या डोक्यात काय झालं असेल त्याचं हे बऱ्यापैकी चित्र आहे. आणि वीज नंतर येते, म्हणून तो राग टिकत नाही.

१९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की या पेशी आनंद मोजत नाहीत. त्या अंदाजातली चूक मोजतात. गंमत म्हणजे असंच गणित संगणकाला शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी आधीच मांडलेलं होतं. त्याच वाटेवरच्या कामासाठी त्यांना संगणकशास्त्रातला २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गणित असं:

चूक = आत्ता मिळालेलं + यापुढे मिळेलसं वाटणारं − आधी जेवढं मिळेलसं वाटलं होतं ते

(मूळ सूत्रात दूरच्या गोष्टीची किंमत थोडी कापून धरतात. तो गुणक इथे सोडून देतो.)

आता यात मालिका घालू. आकडे काल्पनिक आहेत, हिशेब खरा आहे. समजा तिसऱ्या सीझनच्या मध्यावर तुमची एकूण अपेक्षा १०. आजच्या भागात प्रत्यक्ष काही घडलं नाही, मिळालं ०. पण शेवटच्या मिनिटाला दार उघडलं आणि मेला म्हणून सोडलेला माणूस उभा! पुढची अपेक्षा १० वरून १२ झाली. चूक किती? ० + १२ − १० = अधिक २. काहीही न देता तुम्ही खूश. लेखकाने हातात रोकड दिली नाही, उधारीच्या वहीत एक ओळ वाढवली आणि तुम्ही हसत घरी गेलात. उत्कंठा ताणणाऱ्या सगळ्या लेखनाचा धंदा या मधल्या पदावर, ‘यापुढे मिळेलसं वाटणारं’ यावर चालतो.

मग येतो शेवटचा भाग. अपेक्षा १०. भाग चांगला आहे, इतक्या वर्षांत कुठल्याच भागाने दिलं नाही तेवढं, ६ एवढं देतो. पण पुढचं पद? मालिका संपली. ते शून्य. ६ + ० − १० = उणे ४. हाच भाग मध्यावर आला असता आणि पुढची अपेक्षा ९ जरी उरली असती, तर ६ + ९ − १० = अधिक ५. भाग तोच, अभिनय तोच, फक्त जागा बदलली आणि बेरजेची वजाबाकी झाली. शेवटच्या भागाला नुसती बरोबरी साधायलासुद्धा सगळी उधारी एका बैठकीत फेडावी लागते. अद्भुतरम्य मालिकांत ही उधारी सर्वांत जास्त असते, कारण तिथे प्रत्येक भविष्यवाणी, प्रत्येक तलवार, प्रत्येक अनौरस राजपुत्र ही वहीतली एक ओळ असते.

इथे कोणी म्हणेल, शेवट जवळ आला हे माहीत असताना अपेक्षा आधीच उतरायला नको का? उतरते. पुस्तकाची उजवीकडची पानं कमी होतात तशी ती उतरत जाते, म्हणून ज्या कादंबऱ्या शेवटच्या शंभर पानांत एकेक गाठ सोडवत जातात त्या संपल्यावर माणूस शांत असतो. घाईघाईने गुंडाळलेल्या मालिकेत मात्र सगळी वजाबाकी एकाच जागी पडते.

आणखी एक बारकावा सांगतो, मग थांबतो. या पेशी आनंदाने चढायला लागल्या की तीन-पाच ठोक्यांवरून वीसच्याही वर जातात. पण उतरायला जागाच नाही, शून्याच्या खाली ठोके जाणार कुठे? मग लहान निराशा आणि मोठी निराशा वेगळी कशी नोंदवायची? २००७ मधल्या एका अभ्यासात दिसलं की निराशा जितकी मोठी, तितका वेळ पेशी गप्प राहतात. म्हणजे चढ उंचीत मोजला जातो आणि उतार लांबीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागेवरून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

अर्थात माकडाचा रस म्हणजे ड्रॅगनची गोष्ट नव्हे. गोष्टीच्या शेवटाला माणसाच्या मेंदूत तारा घालून कोणी मोजलेलं नाही. पण पैसे आणि रस यांच्या बाबतीत माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये असाच हिशेब दिसतो. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं की आवडत्या संगीतातल्या उत्कट जागेवर डोपामाइन स्रवतंच, पण ती जागा येण्याआधीच्या वाट बघण्यातही स्रवतं, मेंदूच्या थोड्या वेगळ्या भागात. मालिकेपर्यंतची उरलेली उडी माझी आहे, ती तेवढ्याच विश्वासाने घ्या.

फॉरवर्डचं मात्र अजिबात घेऊ नका. एका मालिकेने डोपामाइन ‘संपत’ नाही. या पेशी खरोखर मरायला लागल्या की काय होतं ते पार्किन्सनच्या रुग्णाच्या घरी दिसतं: हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. सात दिवस मोबाइल बंद ठेवलात तर डोळ्यांना आराम मिळेल, बॅटरी वाचेल. मध्यमेंदूची टाकी रिकामी होत नाही आणि कोर्स घेऊन भरतही नाही.

आता आपल्याकडचा एक प्रकार या गणितात घालून बघू. कार्तिकात सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की दशावतार रात्रभर चालतो. देवळासमोर मोकळी जागा, पायपेटी, मृदंग, झांज आणि एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, राक्षस चढला की पर्वत. कथा पुराणातली, शेवट सगळ्यांना पाठ. तरी खाजाची पुडी मांडीवर घेऊन म्हातारे पहाटेपर्यंत हलत नाहीत. वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत शेजारच्या आजोबांना मी विचारलं, राक्षस मरणार हे माहीत असताना एवढं काय बघता? ते मान न वळवता म्हणाले, “राकेस मरतलो ह्यां सगळ्यांका म्हायत आसा. आज कसो मरता तां बघूक इलंय.”

दशावताराला लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो, संवाद उभ्या उभ्या सुचतात. त्या रात्री राक्षस करणाऱ्या नटाने देवालाच असा सवाल टाकला की देव करणारा दोन क्षण थबकला, पेटीवाल्याने सूर धरून त्याला सावरलं, आणि मग जे उत्तर आलं त्यावर अख्खं आवार ओरडलं. शेवटावर इथे कुणाची उधारी नाहीच, कारण शेवट आधीच जमेस धरलेला. अंदाजातली चूक होते ती वाक्यावाक्याला, आणि बहुतेक वेळा अधिक बाजूने. शिवाय पहाटे दहीकाला झाला तरी मधलं पद शून्य होत नाही: उद्या हीच कंपनी दुसऱ्या गावात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा इथे. शेवट आधी माहीत असला की मजा जाते, हेही सरसकट खरं नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही वाचकांना लघुकथांचे शेवट आधीच सांगून टाकले, तर त्यांना कथा किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं.

शेवटाच्या भीतीवरून आठवलं. महाभारत घरात ठेवू नये, पूर्ण वाचू नये, भांडणं होतात, असं अजून चांगली शिकलेली माणसं सांगतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं विद्वानांनी देशभरातल्या हजारावर हस्तलिखितांतून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ग्रंथ घरात ठेवून भांडणं होत असती, तर तिथे पहिलं पर्वसुद्धा छापून झालं नसतं. आणि कोकणात सामाईक फणसावरून ज्या घरांत तीन पिढ्या कोर्ट चाललंय, त्यांतल्या कितींत महाभारत आहे?

उलट शेवटचं पर्व वाचावंच. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि पहिल्यांदा त्याला दिसतो तो दुर्योधन, थाटात आसनावर बसलेला. भाऊ दिसतात ते नरकात. युधिष्ठिर खवळतो, देवांना आणि धर्माला दूषणं देतो, स्वर्गात परत येणार नाही, भावांजवळ इथेच राहणार म्हणतो. जन्मभराची अपेक्षा, हातात शून्य, पुढे काही उरलेलं नाही: वरच्या सूत्रात एवढी मोठी उणे संख्या क्वचितच सापडेल. कवीने मात्र लगेच तो सगळा देखावा मायेचा ठरवून हिशेब मिटवला. दहा लाख सह्यांची वाट बघितली नाही.

राहिला एक प्रश्न, ज्यात माझं लाडकं सूत्र लंगडतं. फुकट गेली म्हणणाऱ्या भाचीने जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, तीच मालिका पहिल्या भागापासून परत लावली. अंदाजातली चूक हेच सगळं असतं तर दुसऱ्यांदा बघण्यात काहीच उरायला नको. इथे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांचं काम उपयोगी पडतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं. डोपामाइन जवळजवळ काढून टाकलेले उंदीर अन्नाकडे स्वतःहून जात नाहीत, पण साखरेचं पाणी तोंडात सोडलं की जीभ चाटतात, पूर्वीसारखीच. ओढ गेली तरी चव शाबूत राहते. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती तिसऱ्या सीझनपर्यंत आली होती. “सातव्याला थांबणार आहे,” म्हणाली.