मुक्त वाचन (शालेय)

शाळेच्या वेळापत्रकातील ठरावीक वेळ मुलांना केवळ वाचनासाठी देणे आणि त्या वेळेत कोणते पुस्तक वाचायचे हे ज्याचे त्याला ठरवू देणे, या पद्धतीला मुक्त वाचन किंवा स्वतंत्र वाचन म्हणतात. हा वेळ साधारणपणे १० ते ३० मिनिटांचा असतो. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे, सारांशलेखन किंवा गुण नसतात. मराठी घरांना परिचित असलेले अवांतर वाचन अभ्यास उरकल्यावर करायचे असते. मुक्त वाचन हा शाळेच्या कामाचाच भाग असतो. पद्धतीची अंगे दोन, वेळ आणि निवड. वेळ देण्यास शाळा सहसा तयार होतात. निवड हातची सोडताना मात्र अडखळतात, आणि या पद्धतीचा बराचसा इतिहास या अडखळण्याचाच आहे.

विद्यार्थ्याने आपल्या गतीने, आपल्या आवडीचे वाचावे हा विचार अमेरिकेत १९५० च्या दशकात चर्चेत होता. त्याला वर्गात राबवता येईल असे रूप व्हरमाँट विद्यापीठातील लायमन हंट यांनी १९६० च्या दशकात दिले. रॉबर्ट व मार्लिन मॅक्रॅकन यांनी १९७१ च्या सुमारास त्याचे नियम बांधून दिले : प्रत्येकाने मनात वाचायचे, एका बैठकीला एकच पुस्तक, वेळ संपल्याचे घड्याळाने सांगायचे, कसलाही अहवाल मागायचा नाही आणि शिक्षकानेही तेवढा वेळ स्वतःचे पुस्तक वाचायचे. यातला शेवटचा नियम सर्वाधिक मोडला जातो. वर्ग शांत झाला की तपासायच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो, हे कोणत्याही देशातील शिक्षक कबूल करील. अमेरिकेतील मेन या राज्यातील शिक्षिका नॅन्सी ॲटवेल यांनी वेगळी वाट धरली. शिक्षकाने एकेका मुलाशेजारी बसून त्याच्या पुस्तकाविषयी हलक्या आवाजात बोलावे, यावर त्यांचा भर होता. त्यांच्या शाळेतील मुले वर्षाला सरासरी ४० पुस्तके वाचत असल्याचे सांगितले जाते. २०१५ मध्ये पहिले ग्लोबल टीचर पारितोषिक त्यांनाच मिळाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये मिळालेले पारितोषिक ते हेच.

सर्वांत मोठ्या प्रमाणावर ही पद्धत रुजली ती जपानमध्ये. चिबा प्रांतातील फुनाबाशी येथील मुलींच्या एका उच्च माध्यमिक शाळेत १९८८ साली हिरोशी हायाशी या शिक्षकांच्या पुढाकाराने ‘आसा नो दोकुशो’, म्हणजे सकाळचे वाचन, सुरू झाले. पहिल्या तासाआधी १० मिनिटे. नियम चारच : सगळ्यांनी वाचायचे, रोज वाचायचे, आवडेल ते वाचायचे आणि नुसते वाचायचे. ‘नुसते’ हा नियम जपानी शाळेत लहान नव्हता, कारण पुस्तक वाचले की त्यावर निबंध लिहून घेण्याची तिथे जुनी चाल आहे. पुढे हा उपक्रम वीस हजारांहून अधिक शाळांत पोचला. ‘माइनिची’ वृत्तपत्र आणि तेथील शालेय ग्रंथालयांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी वाचन-सर्वेक्षण करतात. १९९७ च्या सर्वेक्षणानुसार, जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतील निम्म्याहून अधिक मुलांनी विचारलेल्या महिन्यात एकही पुस्तक वाचले नव्हते. नंतरच्या वर्षांत हे प्रमाण बरेच उतरले. त्याचे सगळे श्रेय सकाळच्या १० मिनिटांना देता येत नाही. २००१ मध्ये मुलांच्या वाचनाला प्रोत्साहन देणारा कायदा झाला, २३ एप्रिल हा बालवाचन दिन ठरला, शालेय ग्रंथालयांकडे सरकारचे लक्ष गेले. उच्च माध्यमिक वर्गांत तर न वाचणाऱ्यांचे प्रमाण पुढेही निम्म्याच्या आसपास राहिले. शिवाय ‘आवडेल ते’ म्हणताना अनेक शाळांनी मांगा, म्हणजे चित्रकथांची पुस्तके, दाराबाहेरच ठेवली.

पुस्तकांचा दुष्काळ असलेल्या शाळांत काय घडते, याचे उत्तम उदाहरण फिजी बेटांवरचे आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील आठ ग्रामीण शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची २५० पुस्तके पुरवली. इंग्रजी ही या मुलांची घरची भाषा नव्हती. काही वर्गांत शिक्षक गोष्ट मुलांसोबत वाचत, काही वर्गांत मुले आपापली मनात वाचत. आठ महिन्यांनी दोन्ही प्रकारच्या वर्गांतील मुलांचे वाचन व श्रवण-आकलन नेहमीच्या दुप्पट वेगाने सुधारलेले आढळले. ज्या वर्गात पूर्वी जवळपास पुस्तकेच नव्हती, तेथे पुस्तके येणे हाच मोठा बदल होता. सुसज्ज शाळेत तेवढ्या झेपेची अपेक्षा धरणे चुकीचे ठरेल.

परिणामांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रिचर्ड अँडरसन, पॉल विल्सन आणि लिंडा फील्डिंग यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील पाचवीच्या मुलांच्या शाळेबाहेरील वेळेचा हिशेब प्रसिद्ध केला. मधल्या क्रमांकाचे मूल दिवसाला जेमतेम ४.६ मिनिटे पुस्तक वाचत होते, तर सर्वांत वरच्या २ टक्क्यांतील मुले तासाभराहून अधिक. जास्त वाचणारी मुले चाचण्यांतही पुढे होती. पण वाचल्यामुळे चांगले वाचता येते, की चांगले वाचता येते म्हणून मूल वाचते, हे अशा हिशेबातून सुटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० साली १४ अभ्यास तपासून, मूकवाचनाच्या कार्यक्रमांमुळे वाचन-कौशल्य वाढते असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. अनेक शाळांनी हा तास बंद करण्यासाठी त्याचा आधार घेतला. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी या निष्कर्षावर कडाडून टीका केली. थोड्या आठवड्यांचे प्रयोग मोजून वर्षानुवर्षे मुरणाऱ्या सवयीचा निकाल लावता येत नाही, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. मंडळानेही ‘पुरावा नाही’ एवढेच म्हटले होते, ‘उपयोग नाही’ असे नव्हे. विरोधी बाजूचा एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. ज्या मुलाला अजून अक्षरे जुळवता येत नाहीत, ते या तासात पाने उलटत बसते. त्याला आधी वाचायला शिकवावे लागते. आवडीचे पुस्तक हातात देऊन ते काम होत नाही.

लहान वर्गांत मूकवाचनाचा आग्रह धरणे व्यर्थ असते. पहिली-दुसरीची मुले ओठ हलवत, बोट फिरवत, शेजाऱ्याला चित्र दाखवत वाचतात. त्यामुळे वर्गात गुणगुण असणारच. सुरुवात पाच मिनिटांपासून करून वेळ वाढवत नेतात. पुस्तके कपाटात उभी लावण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडतात किंवा वर्गात दोरी बांधून तिच्यावर टांगतात, कारण लहान मूल पुस्तक निवडते ते मुखपृष्ठ पाहूनच. निवडीला मदत म्हणून पाच बोटांची कसोटी सांगतात : मधलेच एखादे पान वाचायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचे आणि पाचही बोटे मिटली तर दुसरे पुस्तक घ्यायचे. ही कसोटी सल्ल्यापुरतीच ठेवलेली बरी. डायनोसॉरचे किंवा क्रिकेटचे पुस्तक असेल तर मूल अवघड शब्दांना जुमानत नाही. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची आणि आवडलेले दहाव्यांदा वाचण्याची मुभा हा निवडीचाच भाग आहे. ती मोठ्यांना पटणे सर्वांत जड जाते; चौथीतला मुलगा तीच विनोदी चुटक्यांची पुस्तिका पुन्हा घेतो तेव्हा शिक्षकाचा हात आपोआप चरित्राकडे वळतो.

महाराष्ट्रात साहित्याची उणीव पूर्वीइतकी नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. लहानांसाठी जोडाक्षरविरहित पुस्तके मिळतात आणि प्रथम बुक्सच्या गोष्टी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतूनही मोफत आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरवले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अनेक शाळांत मुले मनाजोगते पुस्तक घेऊन पटांगणात बसतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये बालवाटिका ते आठवीसाठी १०० दिवसांचे वाचन अभियान राबवले. दिन आणि अभियाने संपतात. रोजच्या वेळापत्रकातील १५ मिनिटांना ती पर्याय ठरत नाहीत.

खरा अडसर बहुधा कपाटाच्या कुलपात असतो. पुस्तकांची नोंद दप्तरी असते, हरवलेल्या प्रतीचा जाब शिक्षकाला द्यावा लागेल ही धास्ती असते, म्हणून ग्रंथपेटी तपासणीच्या दिवशी उघडते. हा तास नियमित चालवायचा तर फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची तूट आधीच गृहीत धरावी लागते आणि देवघेवीची वही मुलांकडे सोपवावी लागते. दुसरा प्रश्न खरेदीचा. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. पण यादी वरून ठरून आली तर मुलाची निवड मोठ्यांनी निवडलेल्यांतूनच होते, आणि त्यात थोर पुरुषांची चरित्रे व बोधकथा यांचेच वजन अधिक पडते. चाळून कळाहीन झालेल्या प्रती कोणत्या आणि करकरीत राहिलेल्या कोणत्या, हे पाहून पुढची खरेदी केली, तर मुलांचे मत वेगळे विचारावे लागत नाही.