पीएचपी आवृत्तीबदल

पीएचपी आवृत्तीबदल : पीएचपी या संगणकीय भाषेच्या एखाद्या आवृत्तीची देखभाल थांबल्यावर किंवा थांबण्यापूर्वी, तिच्यावर चालणारी संकेतस्थळे पुढच्या आवृत्तीवर नेण्याचे काम व त्याची आखणी. रोजच्या बोलण्यात याला ‘पीएचपी अपग्रेड’ आणि देखभाल थांबण्याला ‘सपोर्ट संपणे’ म्हणतात. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली ही भाषा वर्डप्रेस, द्रुपल, जूमला आणि मूडल या संकेतस्थळे उभारण्याच्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. त्यामुळे शाळा, संस्था, वृत्तपत्रे आणि लहान दुकाने यांच्या असंख्य संकेतस्थळांना हा बदल चुकत नाही.

सपोर्ट संपला त्या दिवशी संकेतस्थळ बंद पडत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. सगळे पूर्वीसारखे चालते. फक्त भाषेत नवा सुरक्षादोष सापडला तर त्या आवृत्तीसाठी दुरुस्ती येत नाही. जून २०२४ मध्ये विंडोज सर्व्हरवरच्या पीएचपीत असा दोष उघड झाला. २०१२ मध्ये बुजवलेली घुसखोरीची एक वाट काही विशिष्ट चिन्हांच्या आधारे पुन्हा मोकळी करता येत होती. ८.१, ८.२ आणि ८.३ या आवृत्त्यांसाठी लगेच दुरुस्ती निघाली, ८.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी निघाली नाही. खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवणाऱ्यांनी काही दिवसांतच या दोषाचा वापर सुरू केला.

ही वेळ अचानक येत नाही, कारण तारखा आधीच जाहीर असतात. पूर्वी प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे पूर्ण देखभाल आणि पुढे एक वर्ष फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळत. २०२४ मध्ये सुरक्षेचा काळ दोन वर्षांचा झाला आणि शेवटची तारीख ३१ डिसेंबर ठरली. ५.६ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला, ७.४ चा २८ नोव्हेंबर २०२२ रोजी, ८.१ साठी ३१ डिसेंबर २०२५ आणि ८.२ साठी ३१ डिसेंबर २०२६ या तारखा ठरल्या. उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांचा, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या तयार संचांचा, हिशोब मात्र वेगळा असतो. त्यांनी सोबत दिलेल्या पीएचपीत ते स्वतः सुरक्षा दुरुस्त्या घालत राहतात. म्हणून आपली पीएचपी कुठून आली आहे, हे आखणी करताना आधी पाहावे.

सर्व्हरवर नवी आवृत्ती निवडणे हे होस्टिंगच्या (संकेतस्थळाला जागा देणाऱ्या सेवेच्या) पॅनेलमध्ये दोन क्लिकचे काम आहे. वेळ जातो तो जुन्या कोडमध्ये. डेटाबेसशी बोलणारी ‘मायएस्क्यूएल_’ या उपसर्गाची फंक्शन्स (तयार आज्ञा) ५.५ मध्ये नापसंत, म्हणजे चालणारी पण यापुढे वापरू नयेत अशी, ठरली आणि ७.० मध्ये काढून टाकली गेली. त्यांवर लिहिलेले संकेतस्थळ नव्या आवृत्तीत डेटाबेसला विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला (क्वेरीला) थांबते. अशी चूक निदान दिसते. न दिसणारे बदल अधिक त्रास देतात. शून्य हा अंक आणि ‘पुणे’ हा शब्द समान आहेत का, या प्रश्नाला ७.४ पर्यंतची पीएचपी ‘हो’ म्हणत असे, ८.० पासून ती ‘नाही’ म्हणते. कुठलीही सूचना न येता एखादी अट उलटते आणि भलताच पर्याय निवडला जातो.

मराठी मजकुराच्या संकेतस्थळांना आणखी एका बाजूने जपावे लागते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. बातमीचा गोषवारा बाइट मोजून मजकूर कापणाऱ्या ‘सबस्ट्र’ या फंक्शनने कापला तर चिन्ह मधेच तुटू शकते. ५.३ पर्यंत असा तुटका मजकूरही पानावर येत असे. ५.४ पासून ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे मजकूर पानावर सुरक्षितपणे दाखवण्यासाठीचे फंक्शन तो मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे गृहीत धरू लागले आणि तुटके चिन्ह दिसताच रिकामे उत्तर देऊ लागले. शीर्षक आहे, पण गोषवारा गायब! ‘एमबी_सबस्ट्र’ वापरले की चिन्ह तुटत नाही, तरी अक्षरापासून काना-मात्रा सुटू शकते. ते टाळायला ‘ग्राफीम_सबस्ट्र’ आहे. जुन्या डेटाबेसची गोष्ट याहून नाजूक. लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) म्हणून नोंदलेल्या तक्त्यात यूटीएफ-८ मजकूर भरला आणि त्याच वाटेने बाहेर काढला, तर पान नीट दिसत राहते. नवी जोडणी यूटीएफ-८ ची झाली की त्याच मजकुराच्या जागी रोमन चिन्हांचा गुंता उमटतो. अशा वेळी तक्त्यातला तो स्तंभ आधी बायनरी (नुसते बाइट साठवणाऱ्या) प्रकारात नेऊन मग यूटीएफ-८ म्हणून जाहीर करावा लागतो. हे काम आवृत्तीबदलाच्या दिवशी करू नये; ते आधी, स्वतंत्रपणे आणि बॅकअप घेऊनच करावे. दोन्ही एकत्र केल्यावर मजकूर बिघडला, तर दोष कोणत्या बदलाचा हे शोधण्यातच रात्र जाते.

आखणीची सुरुवात मोजदादीने होते: कोणती आवृत्ती, कोणते प्लगइन (वरून जोडलेले पूरक सॉफ्टवेअर), कोणी लिहिलेला स्वतंत्र कोड. वर्डप्रेस स्वतः सावकाश पुढे सरकते. त्याने ५.६ ची किमान अट २०१९ मध्ये आणि ७.० ची २०२३ मध्ये घातली. अडते ते बहुधा लेखकाने सोडून दिलेल्या एखाद्या प्लगइनपाशी. त्याला पर्याय शोधणे हे सर्वांत वेळखाऊ काम असल्याने ते आधी हाती घ्यावे. मग संकेतस्थळाची प्रत वेगळ्या जागी उभी करून पीएचपीच्या सर्व सूचना सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) येऊ द्याव्यात. पीएचपीस्टॅन हे साधन कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवते, तर रेक्टर हे साधन कोडमधली पुष्कळ जुनी वाक्ये स्वतः बदलून देते. ५.६ वरून थेट ८ वर उडी मारण्यापेक्षा ७.४ वर मुक्काम करून तिथल्या नापसंतीच्या सूचना संपवणे सोपे जाते.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी कामे अनेकदा विसरली जातात. पॅनेलमध्ये आवृत्ती बदलली तरी ही कामे ज्या कमांड लाइनवरून चालतात तिथे जुनीच पीएचपी राहू शकते. वर्षातून एकदाच जागा होणारा कोडही असतो: शाळेचा प्रवेश अर्ज, दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी, ३१ मार्चचा अहवाल. ही पाने नोव्हेंबरातल्या चाचणीत कोणी उघडत नाही. त्यांची यादी करून ती प्रतीवर मुद्दाम चालवून पाहावी लागतात.