खाणविस्तार, जलवापर व संकटग्रस्त मासे (कोलोरॅडो नदीखोरे)

खाण उघडताना किंवा वाढवताना नदीतले किती पाणी कायमचे कमी होईल व कोणती दूषिते पात्रात उतरतील, आणि त्यांचा संकटग्रस्त माशांवर काय परिणाम होईल, हे मंजुरीपूर्वी ठरवण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद अमेरिकेतील वरच्या कोलोरॅडो खोऱ्यातील (यांपा, ग्रीन, व्हाइट, गनिसन, सॅन हुआन या नद्या) कोळसाखाणींपुरती आहे.

येथील विचार मुख्यतः चार माशांभोवती फिरतो : कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, हंपबॅक चब व बोनीटेल. चारही रोहू-कटल्याच्याच गणातील असून कोलोरॅडो नदीखोऱ्याबाहेर जगात कोठेही आढळत नाहीत. पाइकमिनो पूर्वी सुमारे १.८ मी. लांब होत असे. अंडी घालण्यासाठी तो ३०० किमी.पर्यंत प्रवास करतो. पाइकमिनो व हंपबॅक चब १९६७ मध्ये, बोनीटेल १९८० मध्ये व रेझरबॅक सकर १९९१ मध्ये संकटग्रस्त यादीत आले. हंपबॅक चबचा दर्जा २०२१ मध्ये एक पायरी खाली आणून ‘धोक्यात’ असा करण्यात आला.

कायदेशीर आधार १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे सातवे कलम हा आहे. संघीय परवानगी लागणाऱ्या प्रकल्पाबाबत संबंधित खात्याला संघीय मत्स्य व वन्यजीव सेवेचा सल्ला घ्यावा लागतो. विचारविनिमयास ९० दिवस व जैविक अभिप्राय (प्रजातीवरील परिणामाबाबत सेवेचा लेखी निष्कर्ष) लिहिण्यास ४५ दिवस अशी मुदत आहे.

मूल्यमापनाचा कणा म्हणजे पाण्याची ‘निव्वळ घट’ : उपसलेल्या पाण्यातून नदीत परत येणारे वजा करून उरलेला आकडा. खाणीत धूळ बसवण्यासाठी रस्त्यांवर मारलेले, कोळसा धुताना त्यात राहिलेले आणि गाळतळ्यांतून बाष्प होऊन गेलेले पाणी यात धरतात. एकक एकर-फूट, म्हणजे सुमारे १२.३३ लाख लिटर. या खोऱ्यात कितीही लहान घट प्रतिकूलच मानली जाते. या दंडकाचा उगम काहीजण १९८८ च्या मत्स्यपुनरुज्जीवन कार्यक्रमात पाहतात. तथापि घटीच्या प्रमाणात रक्कम भरून घेण्याची कल्पना विंडी गॅप या पाणीप्रकल्पावरील १९८१ च्या सुमाराच्या अभिप्रायात आधीच दिसते, त्यामुळे १९८८ च्या कार्यक्रमाने रूढ होत आलेल्या प्रथेला चौकट दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्यक्रमात दर एकर-फुटास १० डॉलर असा एकदाच भरायचा आकार ठरला व तो महागाईनुसार वाढत गेला. वर्षाला १०० एकर-फुटांपर्यंतच्या घटीला तो लागत नाही. पुढे एकेका नदीसाठी एकत्रित अभिप्राय निघाले. कोलोरॅडो नदीच्या ग्रँड जंक्शन शहराजवळच्या ‘पंधरा मैल’ पट्ट्याबाबतच्या १९९९ च्या अभिप्रायात सुमारे १० लाख एकर-फुटांची जुनी घट गृहीत धरून आणखी १,२०,००० एकर-फुटांना (सुमारे सव्वापाच टीएमसी) वाव ठेवला आहे.

एखाद्या खाणीचा वाटा या बेरजेत नगण्य ठरतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. मासा एका खाणीने मरत नाही. वसंतातला पूर कमी येऊ लागला की काठची पाणथळ जमीन नदीशी जोडली जात नाही. उन्हाळ्यात पात्र आटले, तापले की बाहेरून आणलेला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा माजतो. रेझरबॅकची पिल्ले तर पूर काठावर चढला तरच वाचतात. म्हणून २०१२ पासून ग्रीन नदीकाठच्या संथ पाण्यात रात्री दिव्याचे सापळे लावून बोटाच्या पेराहूनही लहान, काचेसारखी पारदर्शक पिल्ले शोधतात, आणि ती दिसू लागली की फ्लेमिंग गॉर्ज धरणातून पाणी सोडतात. याच धरणात पाणी अडवण्यापूर्वी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ट्राउट सोडण्यासाठी ग्रीन व तिच्या उपनद्यांत सुमारे ७०० किमी.वर रोटेनोन हे विष टाकून मूळचे मासे मारले होते. अशा खचलेल्या स्थितीला ‘पूर्वस्थिती’ धरले की प्रत्येक नवा प्रकल्प कागदावर निरुपद्रवी दिसतो. म्हणून एकत्रित बेरजेचाच मार्ग ग्राह्य धरावा लागतो.

पाऱ्याचा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. कोळसा जळताना हवेत गेलेला पारा पाऊस-बर्फाबरोबर खाली येतो, जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि अन्नसाखळीच्या टोकाशी असलेल्या पाइकमिनोत तो साचतो. संपूर्ण शरीरात दर किलोस ०.२ मिग्रॅ. ही माशांना अपाय सुरू होण्याची मर्यादा म्हणून वापरली जाते. मात्र साचलेल्या पाऱ्यातील किती भाग जवळच्या वीजकेंद्राचा व किती जगभरातून वाऱ्याने आलेला, यावर एकमत नाही. दुसरे दूषित सेलेनियम. ते मुख्यत्वे मॅन्कोस शेल खडकातून सिंचनाबरोबर झिरपते व अंड्यांतून पिल्लांत उतरते.

ज्वलनाचे परिणाम खाणीच्या पदरी घालावेत का? क्रेगजवळच्या कोलोवायो व ट्रॅपर खाणींबाबत कोलोरॅडोच्या संघीय जिल्हा न्यायालयाने मे २०१५ मध्ये ते विचारात घ्यावेत असे म्हटले. त्याच वर्षी सॅन हुआनकाठच्या नवाहो खाण व फोर कॉर्नर्स वीजकेंद्रावर एकत्र जैविक अभिप्राय दिला गेला. त्यावरील दावा २०१९ मध्ये नवव्या परिमंडल (संघीय अपील) न्यायालयात नवाहो जमातीच्या सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर निकाली निघाला. माशांचा प्रश्न तपासलाच गेला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, याच खोऱ्यातील युइंटा रेल्वेच्या प्रकरणात, प्रकल्पापलीकडील परिणामांची व्याप्ती ठरवण्याची मोकळीक खात्यांना दिली. तो निकाल राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यापुरता (प्रकल्पाच्या परिणामांचा आढावा मागणारा वेगळा कायदा) आहे. प्रजाती कायद्याला तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

भूमिगत खाणीतून उपसलेल्या भूजलाचा नदीवरील परिणाम वर्षानुवर्षे उशिरा दिसतो. त्याची मोजणी त्रोटक आहे. बोनीटेलची नैसर्गिक वाढ जवळजवळ थांबल्याने त्याच्या गरजांचे अंदाज बहुतांशी पैदास केंद्रातून सोडलेल्या माशांवरूनच बांधावे लागतात.