ऑपेरा कोमिक

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घडत गेलेला फ्रेंच संगीतनाट्यप्रकार. गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद असणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण. विषय विनोदीच हवा असे नाही. संगीतकार केरुबीनीची मेदे (१७९७) ही शोकात्म कृतीही याच प्रकारातली.

त्याचे मूळ सँ-झेर्मँ व सँ-लोराँ या जत्रांतील खेळांत सापडते. चौदाव्या लुईने १६९७ मध्ये इटालियन नटमंडळी बंद केली, तेव्हा तिचे खेळ जत्रेतल्या मंडळ्यांनी उचलले. पण संवादनाट्याचा एकाधिकार कोमेदी-फ्रांसेझ या राजाश्रित नाट्यसंस्थेकडे आणि गायनाचा राजसंगीत अकादमीकडे (पॅरिस ऑपेरा) होता. या कोंडीतून १७१० च्या सुमारास पाट्यांची युक्ती निघाली. नट मूकाभिनय करीत, पदे लिहिलेल्या पाट्या दाखवल्या जात आणि ओळखीच्या चालींवर ती प्रेक्षकच गात. पुढे अकादमीने पैसे घेऊन गाण्याची परवानगी विकली. नाटककार ल्साझच्या तेलेमाक (१७१५) या विडंबनापासून ‘ऑपेरा कोमिक’ हे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

जुन्या चालींऐवजी स्वतंत्र संगीतरचना केव्हा आली, याविषयी एकमत नाही. पेर्गोलेसीची ला सेर्वा पाद्रोना ही इटालियन विनोदी संगीतिका १७५२ मध्ये पॅरिसमध्ये गाजली आणि इटालियन व फ्रेंच संगीताच्या कैवाऱ्यांत पत्रकयुद्ध पेटले. पुढच्याच वर्षी फ्रेंच संगीतकार दोव्हेर्न्यचे ले त्रोकर रंगभूमीवर आले. जत्रेतील मंडळीचा व्यवस्थापक मोने याने ते व्हिएन्नातील एका इटालियनाचे म्हणून खपवले होते. अनेक जुने ग्रंथ यालाच आद्य कृती मानतात. तथापि तीत गद्य संवाद नसून पठणगायन (बोलण्याच्या लयीत गायलेले संवाद) आहे. रूसोच्या ल दव्हँ द्यु व्हिलाझबाबतही (१७५२) हीच अडचण येते. त्यामुळे एकच आरंभबिंदू न धरता, जुन्या चाली व नवी गीते एकत्र असलेल्या संगीतकार दूनीच्या ल पँत्र आमूरो द सों मोदेल (१७५७) सारख्या कृतींतून हे स्थित्यंतर हळूहळू झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फाव्हार व स्देन हे प्रमुख संहिताकार. फिलिदोर (हा बुद्धिबळपटू म्हणूनही ख्यातनाम), माँसिन्यी व ग्रेत्री हे संगीतकार. माँसिन्यीचे ल देझेर्तर (१७६९) व ग्रेत्रीचे रिशार कर द लियाँ (१७८४) यांत गंभीर आशय ठळक होतो. ही दोन्ही स्देनच्याच संहितांवर बेतलेली आहेत.

जत्रेतील मंडळी १७६२ मध्ये कोमेदी-इतालियेनमध्ये (१६९७ मध्ये बंद झालेली, पण पुढे पुन्हा सुरू झालेली इटालियन मंडळी) विलीन झाली. १७८३ मध्ये साल फाव्हार हे नाट्यगृह उभे राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याची फेदो नाट्यगृहाशी स्पर्धा होती. १८०१ मध्ये दोन्ही मंडळ्या एक झाल्या.