हार्प लागर

हार्प लागर : आयर्लंडमध्ये १९६० सालापासून तयार होणारी, फिकट सोनेरी रंगाची तळ-किण्वित (तळाशी बसणाऱ्या यीस्टने थंडाव्यात आंबवलेली) बिअर. काळ्या स्टाउटसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या डब्लिनच्या गिनेस कंपनीने ती बाजारात आणली आणि पुढची दोन-तीन दशके ‘आयरिश लागर’ म्हणजे हार्प असेच समीकरण होते. भारतात खपणारी बहुतेक बिअर लागर जातीची असल्याने मराठी वाचकाला हा प्रकार सरावाचा आहे. आयर्लंडमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिअर म्हणजे स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) किंवा तांबूस एल (तुलनेने उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) असाच सर्वसाधारण समज होता. हार्पचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

नाव व चिन्ह : हार्प हे आयर्लंडचे राष्ट्रीय तंतुवाद्य. गिनेसने १८६२ मध्ये ते आपल्या बाटलीवरील चिठ्ठीवर घेतले आणि १८७६ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. त्याचा नमुना डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेल्या हार्पवरून घेतलेला आहे. परंपरा हे वाद्य आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याचे मानते. परंतु ब्रायन १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला, तर हे वाद्य अभ्यासकांच्या मते चौदाव्या वा पंधराव्या शतकातील आहे. त्यामुळे परंपरेला ऐतिहासिक आधार उरत नाही. स्वतंत्र आयरिश राज्याने राजचिन्हासाठी हेच वाद्य निवडले, तेव्हा त्याची दिशा कंपनीच्या चिन्हाच्या उलट ठेवली गेली : कंपनीच्या हार्पची सरळ कड डावीकडे असते, राज्याच्या हार्पची उजवीकडे.

उगम : १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व आयर्लंडमध्ये आयात लागरची मागणी वाढू लागली, तेव्हा गिनेसने लाउथ काउंटीतील डंडॉक येथील ‘ग्रेट नॉर्दर्न ब्रूअरी’ (बिअरचा कारखाना) ताब्यात घेऊन तिचे लागरसाठी रूपांतर केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या ब्रूअरीचे नाव शेजारून जाणाऱ्या रेल्वे कंपनीवरून पडले होते. डब्लिन व बेलफास्ट यांच्या जवळजवळ मध्यावर आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेलगत असलेले डंडॉक वितरणासाठी सोयीचे होते. तांत्रिक मार्गदर्शनासाठी कोलोनचे जर्मन तज्ज्ञ डॉ. हर्मान म्युंडर यांना पाचारण करण्यात आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी कुरेज, स्कॉटिश अँड न्यूकॅसल आदी ब्रिटिश कंपन्यांशी भागीदारी होऊन इंग्लंडमध्येही हार्पचे उत्पादन सुरू झाले.

हार्पला ‘आयर्लंडमधील पहिली लागर’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो काटेकोरपणे बरोबर नाही. १८९० च्या दशकात डब्लिनच्या डार्ट्री भागात आणि पुढे १९३० च्या दशकात मीथ काउंटीतील केल्स येथे लागर बनवण्याचे प्रयत्न झाले होते. ते अल्पजीवी ठरले. देशभर रुजलेली पहिली आयरिश लागर, असे हार्पचे वर्णन करणे अधिक न्याय्य होईल.

लागर-यीस्टचा प्रश्न : ‘लागर’ हा शब्द साठवण करणे या अर्थाच्या जर्मन धातूपासून आला. बव्हेरियात १५५३ च्या आज्ञेने उन्हाळ्यात बिअर बनवण्यास बंदी झाली. साहजिकच थंडीत बिअर करून ती तळघरात साठवण्याची पद्धत दृढ झाली आणि थंडीत काम करणारे यीस्ट आपोआप निवडले गेले, असे पूर्वीचे ग्रंथ सांगतात. ते सर्वस्वी चूक नाही. पण अपुरे आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केलेले लागर-यीस्ट हा दोन जातींचा संकर आहे, हे पुढे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यातील एक जनक पाव व एल यांचे नेहमीचे यीस्ट. दुसरा थंडी सोसणारा जनक दीर्घकाळ अज्ञात राहिला. २०११ मध्ये तो, म्हणजे सॅकरोमायसीस यूबायानस, दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडला. अटलांटिकपार व्यापारातून तो युरोपात आला असावा, असे अनुमान त्यावरून निघाले. मात्र लागर त्या व्यापाराच्या आधीपासूनची असल्याने ते अनेकांना पटले नाही. २०१४ मध्ये तिबेटातून अधिक जवळचा वाण नोंदवला गेला. आणि २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या बेलफील्ड परिसरातील मातीतून हेच यीस्ट वेगळे केल्याचे जाहीर केले. युरोपातील ही पहिलीच नोंद होय. हा जनक युरोपात रानटी अवस्थेत पूर्वीपासून असावा, या मताला त्यामुळे बळकटी मिळते आणि दूरच्या स्थलांतराची गरज उरत नाही. प्रत्यक्ष संकर कोठे झाला, याविषयी अलीकडे म्यूनिकच्या दरबारी ब्रूअरीकडे, सतराव्या शतकाच्या आरंभाकडे बोट दाखवले जाते. ही उपपत्ती आकर्षक असली तरी ती कागदपत्रांच्या मांडणीवर उभी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. डब्लिनच्या मातीतील यीस्टचा हार्पशी थेट संबंध नाही. तरीही जर्मन समजल्या गेलेल्या या पेयाच्या एका जनकाचा वंश आयर्लंडच्या मातीत नांदतो, ही गोष्ट मनाला खोलवर स्पर्शून जाते.

कृती : माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) सातूचा गोड अर्क हॉप या वेलीच्या कडवट फुलोऱ्यासह उकळून थंड करतात व त्यात यीस्ट मिसळतात. एलचे किण्वन साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअसला होते, लागरचे ८ ते १३ अंशांना. या मंद किण्वनात फळांसारखा वास देणारी एस्टरे कमी तयार होतात. लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल मात्र निर्माण होते. ते यीस्टनेच परत शोषून घ्यावे म्हणून अखेरीस तापमान काही काळ वाढवतात. त्यानंतर शून्य अंशाच्या आसपास बिअर मुरवत ठेवतात. गंधकाचा वास जातो, गढूळपणा तळाशी बसतो. लागरची ‘स्वच्छ’ चव म्हणजे नको ते काढून टाकण्याची ही किमया, आणि तिला वेळ द्यावाच लागतो.

गुणधर्म व आस्वाद : हार्प पारदर्शक असून तिचा फेस पांढरा व बऱ्यापैकी टिकणारा असतो. पहिल्या घोटात माल्टची हलकी, बिस्किटासारखी गोडी जाणवते. पाठोपाठ हॉपचा गवताळ कडवटपणा येतो आणि शेवट कोरडा होतो. त्या कोरडेपणामुळेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. मद्यांश आयर्लंडमध्ये सुमारे ४ ते ४.३ टक्के, तर उत्तर अमेरिकेत ५ टक्के असतो. ती फार थंड प्यायल्यास माल्टची गोडी हरवते व केवळ बुडबुड्यांची चुणचुण उरते. पेला थोडा वेळ हातात राहिला की ती गोडी पुन्हा जिभेवर येते. आयर्लंडच्या पबमध्ये ती ५६८ मिलिलिटरच्या पाइंटमध्ये देतात. खारे शेंगदाणे, तळलेली मासळी यांच्याबरोबर ती विशेष खुलते.

हार्पचा एक खास उपयोग म्हणजे ‘हाफ अँड हाफ’. पेला तिरपा धरून निम्म्यापर्यंत हार्प ओततात. मग पेला सरळ करून त्याच्या तोंडावर चमचा पालथा धरतात आणि त्याच्या पाठीवरून गिनेस हळूहळू सोडतात; काळा थर सोनेरी थरावर तरंगत राहतो. काळी म्हणून स्टाउट जड असणार, असा समज येथे खोटा ठरतो : ड्राफ्ट गिनेसमध्ये विरघळलेला अंश कमी असल्याने ती हार्पपेक्षा हलकी असते. या मिश्रणाला अन्यत्र ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. आयर्लंडमध्ये ते नाव उच्चारू नये. १९२० मध्ये स्वातंत्र्यलढा दडपण्यासाठी ब्रिटनमधून भरती केलेल्या पोलीस दलाला, त्याच्या गडद व खाकी अशा मिश्र गणवेशावरून, हेच नाव पडले होते आणि त्या दलाने केलेली जाळपोळ व अत्याचार लोकस्मृतीत अद्याप ताजे आहेत.

उत्तरकाळ : इतर परदेशी लागरांच्या स्पर्धेत हार्पचे दक्षिणेतील, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातील, स्थान घसरले, उत्तर आयर्लंडमध्ये ती अधिक काळ लोकप्रिय राहिली. गिनेस १९९७ मध्ये डिआजिओ या समूहात विलीन झाली. समूहाने २०१३ च्या सुमारास डंडॉकची ब्रूअरी बंद करून तेथील उत्पादन डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथे हलवले. डंडॉकच्या त्याच वास्तूत २०१५ पासून ‘ग्रेट नॉर्दर्न डिस्टिलरी’ व्हिस्की बनवते.