मार्गसारणीचा नियतकालिक डम्प

राउटिंग डीमनच्या (पार्श्वभूमीत चालून मार्ग ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्मृतीत असलेली संपूर्ण मार्गसारणी, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याची यादी, ठरावीक अंतराने फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची व्यवस्था. ती मुख्यतः बीजीपी या, नेटवर्कांनी परस्परांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलच्या संदर्भात वापरली जाते. बीजीपी आरंभीच्या देवाणघेवाणीनंतर केवळ बदल कळवतो. त्यामुळे अद्यतनांची नोंद कितीही काटेकोर असली, तरी विशिष्ट वेळची पूर्ण स्थिती उभी करण्यासाठी आधारभूत डम्प लागतोच.

डम्प बहुधा एमआरटी या बायनरी स्वरूपात लिहिला जातो. मिशिगन विद्यापीठ व मेरिट नेटवर्क यांच्या ‘मल्टी-थ्रेडेड राउटिंग टूलकिट’ या प्रकल्पाबरोबर ते घडत गेले. प्रकल्पाची प्रोग्रामर-मार्गदर्शिका १९९९ ची असल्यामुळे तेच जन्मवर्ष मानण्याकडे कल होतो. परंतु मार्गदर्शिका ही घडलेल्या गोष्टीची नोंद असते, हे ध्यानात घेता ‘१९९०चे दशक’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित ठरते. औपचारिक दस्तऐवज, म्हणजे इंटरनेट-मानकांच्या ‘आरएफसी’ मालिकेतील आरएफसी ६३९६, ऑक्टोबर २०११ मध्ये आला. वापर आधी रुळला आणि नियम मागाहून लिहिले गेले, याच्या खुणा स्वरूपात आजही दिसतात.

जुन्या ‘टेबल डम्प’ प्रकारात चार बाइटी स्वायत्त-प्रणाली (एएस, म्हणजे एकाच प्रशासनाखालील नेटवर्क) क्रमांकांची सोय नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत पीअरांची (मार्ग कळवणाऱ्या शेजारी राउटरांची) सूची आरंभी एकदाच देऊन पुढील प्रत्येक मार्गाला तिच्यातील अनुक्रमांक जोडला जातो आणि एएस-पथ (मार्गातील स्वायत्त-प्रणालींची क्रमवार यादी) नेहमी चार बाइटी क्रमांकांनीच लिहिला जातो. आयपीव्ही६ मार्गांसाठीच्या बहु-प्रोटोकॉल गुणधर्मात मात्र नियमानुसार पुढील टप्प्याच्या पत्त्याची लांबी व पत्ता एवढेच असावे, कारण उरलेली माहिती नोंदीच्या शीर्षकात आलेलीच असते. काही प्रणाली तरीही पूर्ण गुणधर्म लिहितात. त्यामुळे वाचक-प्रोग्रामला पहिला बाइट शून्य (म्हणजे पूर्ण गुणधर्म) आहे का ते पाहून अंदाज बांधावा लागतो. नियमाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ही पडताळणी श्रेयस्कर होय.

क्वागा आणि त्यापासून निघालेल्या एफआरराउटिंग या राउटिंग-प्रणालींत ‘डम्प बीजीपी राउट्स-एमआरटी’ या आदेशापुढे फाइलमार्ग व कालांतर दिले जाते. कालांतर सेकंदांत किंवा तास-मिनिटांत लिहिता येते. ते एका दिवसापेक्षा लहान असून दिवसाला पूर्ण भाग देत असेल, तर डम्प डीमन सुरू झाल्याच्या वेळेपासून न मोजता मध्यरात्रीपासून मोजले जातात. म्हणून दोन तासांचे अंतर दिल्यास ते सम तासांवर पडतात, पाच तासांचे दिल्यास अशी हमी राहत नाही. फाइलनावात दिनांक-वेळेची चिन्हे नसल्यास प्रत्येक नवा डम्प जुन्यावर लिहिला जातो. आयात-धोरणाने नाकारलेले मार्ग या डम्पमध्ये येत नाहीत.

बर्ड या दुसऱ्या राउटिंग-प्रणालीत हेच काम ‘एमआरटी’ नावाच्या स्वतंत्र प्रोटोकॉल-विभागात सारणी, फाइलनाव व सेकंदांतील कालावधी सांगून होते. तेथे सारणी तुकड्यांनी लिहिली जात असल्याने मोठा डम्प एकाच क्षणाचे चित्र असतोच असे नाही. ओपनबीजीपीडी या बीजीपी डीमनमध्येही तत्सम ‘डम्प’ निर्देश आहे.

सार्वजनिक संग्रहांपैकी ओरेगन विद्यापीठाचा राउटव्ह्यूज दर दोन तासांनी, तर राइप एनसीसी या युरोपीय इंटरनेट-पत्ते नोंदणी संस्थेची आरआयएस सेवा दर आठ तासांनी पूर्ण सारणी उपलब्ध करते. मधल्या अद्यतनांच्या फाइली अनुक्रमे १५ व ५ मिनिटांच्या असतात.